शोधायचं काम

नानासाहेब : मी तसं म्हणलोच न्हाई. मी म्हणलो, शोधायचं काम हाय त्याचं.

रुपेश : आणि मुलीच्या मामांनी काय ऐकलं?

नानासाहेब : काम शोधायचं हाय त्याचं.

रुपेश : शब्द तेच आहेत, नाना. नुसती जागा बदलली.

नानासाहेब : तेच म्हणतोय मी. दोन शब्द हिकडचे तिकडं झाले आन घोडेगावनं नकाराचा फोन आला. मुलगा काम शोधतोय आसं कळलं, आमाला जमायचं न्हाई. पीसीओवाल्यासमूर फोन खाली ठिवताना माजं तोंड बगायला पायजे व्हतं.

रुपेश : पण ते मामा तुम्हाला भेटले कुठे?

नानासाहेब : आण्याच्या स्टँडवर. चांगदेवराव त्येंचं नाव, हे मागनं कळलं. आपण पोरगी बगायला गेलो तवा ते तितं नव्हते, म्हणून वळख न्हवती. एसटीतनं उतारला आन पयला मीच दिसलो त्येला. म्हणला, पावणं, तुमच्या गावात त्यो कंपूटरवाला रुपेश हाय न्हवं, कसा काय हाय? मी वळाकलं, ह्यो चौकशीला आलाय.

रुपेश : मग म्हणायचं ना, मी त्याचा चुलता, चला घरी चहाला.

नानासाहेब : आरं, चुलत्यानं केलेलं कवतिक कोण खरं धरतंय? म्हणून मी परका झालो. म्हणलं, माजा काय संबंद न्हाई, पर गावात लई नाव हाय पोराचं.

रुपेश : बरं. पुढे?

नानासाहेब : म्हणला, काय करतो? म्हणलं, पुण्याला आसतो, शोधायचं काम हाय त्याचं. म्हणला, कवापास्नं? म्हणलं, तीन वर्सं झाली, दुसरं कायबी करत न्हाई, नुसता शोधतोय.

रुपेश : तीन वर्षं.

नानासाहेब : म्हणला, मंग गावलं का? म्हणलं, आवो, ते काय सहजासहजी गावतंय? कंदी गावतं, कंदी न्हाई. गावलं तरी त्येच्या उपेगाचं आसंलच आसं न्हाई.

रुपेश : नाना, हे सगळं माझ्याच तोंडचं आहे. गणपतीत ओट्यावर बसून मी तुम्हाला सांगितलं होतं.

नानासाहेब : मंग? शब्दाला शब्द लावून सांगितलं मी. तो म्हणला, आरारा. म्हणलं, आरारा काय त्यात, लई मान हाय. म्हणला, घरचे काय म्हणत्यात? म्हणलं, घरच्यांला अभिमान हाय. शाळंनं शाल-नारळ दिऊन सत्कार केलाय त्येचा.

रुपेश : त्यावर ते काय म्हणाले?

नानासाहेब : परतीची एसटी धरली. चा बी न्हाई घेतला.

रुपेश : त्यांची काही चूक नाही. मुलगा तीन वर्षं बेकार आहे, त्याचा घराला अभिमान आहे आणि शाळा त्याला शाल देते. अशा गावात मीसुद्धा भाची दिली नसती.

नानासाहेब : म्हणून तर निगालोय आपण. पोरगी मंचरच्या दवाखान्यात रगात तपासती. तिलाच गाठून सांगायचं. ए भाऊ, कवा हालणार तुजी जीप? आळेफाट्यालाच मुक्काम का?

रुपेश : दोन सीट कमी आहेत, नाना. भरल्याशिवाय तो हलत नाही. उतरायचं का आपण? नकार आला तर आला. परत जाऊ.

नानासाहेब : का? पोरगी आवडली न्हाई का तुला?

रुपेश : दिवाळीआधी आपण बघायला गेलो, तेव्हा गच्चीवर दहा मिनिटं बोलायला दिली होती ना? त्यातली नऊ मिनिटं मी कंपायलरवर बोललो.

नानासाहेब : पोरगी बगायला गेल्यावर?

रुपेश : घाबरलो की मला दुसरं काही येत नाही. हवा कशी आहे, हेही सुचत नाही. ती बिचारी ऐकत होती. मध्येच म्हणाली, मशीन म्हणतं सापडलं, पण ते सापडलेलं खरंच चालतं का, हे कोण बघतं? नाना, आमच्या ऑफिसात हा प्रश्न पडायला तीन वर्षं गेली. तिला नऊ मिनिटांत पडला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खालून पोह्यांसाठी हाक आली.

नानासाहेब : मंग आवडली म्हण की सरळ.

रुपेश : लई आवडली.

नानासाहेब : आन तरी परत जाऊ म्हणतोस. तुजं तोंड बगून कुणी म्हणंल, नकार तूच दिलायस. ते जाऊ दे. आता मला नीट शिकीव. तिच्यासमूर परत शबूद हालायला नको. कंपायलर म्हंजी काय, पैल्यापास्नं सांग.

रुपेश : लग्नाला परगावचा आचारी ठरवला की तो आधी एक गडी पुढे पाठवतो. जा, चूल कशी आहे बघ, डब्यांत सामान काय काय आहे बघ.

नानासाहेब : बरुबर.

रुपेश : मोठा प्रोग्रॅम नव्या मशीनवर नेला की तिथे तो नव्याने रांधावा लागतो. कंपायलर म्हणजे तिथली चूल. लायब्ररी म्हणजे डब्यांतलं सामान. आणि मी लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे ही दोन्ही शोधायला पुढे पाठवलेला गडी.

नानासाहेब : लायब्ररीचं मला म्हाईत व्हतं. चांगदेवरावाला सांगणारबी व्हतो, की तो लायब्ररी शोधतो. पर म्हणलं, लायब्ररी तर बेल्ह्याला मारुतीच्या देवळामागं हाय, शेंबड्या पोराला गावंल. त्यात कसला मान? म्हणून गाळलं.

रुपेश : फार उपकार झाले.

नानासाहेब : म्हंजी थोडक्यात, तू आचाऱ्याचा गडी.

रुपेश : असं सांगू नका.

नानासाहेब : मंग गड्याचं काय चुकत व्हतं? तू म्हणायचास, लई चुकतंय, लई चुकतंय.

रुपेश : माझा गडी आळशी होता, माझ्यासारखाच. डब्यावर साखर लिहिलेलं दिसलं की येऊन सांगायचा, साखर आहे. झाकण उघडायचा नाही. आणि चूल म्हणून जी पहिली दिसेल तीच धरायचा. तिच्यामागे चांगली नवी असली तरी जुनीच.

नानासाहेब : चांगदेवरावासारकं. स्टँडवर पयला जो दिसला त्येला इचारलं आन माघारी फिरला.

रुपेश : अगदी तसंच. फक्त चांगदेवराव एका गावात चुकले, मी शंभर गिऱ्हाइकांकडे चुकलो. एके ठिकाणी कुणीतरी कंपायलरच्या नावाची रिकामी फाईल ठेवून दिली होती. आत काहीच नाही. माझ्या गड्यानं खुशाल सांगितलं, आहे. आठ माणसं तीन दिवस चूक शोधत होती. मी सगळ्यांच्या पुढे. हातात चहाचा कप घेऊन सांगत होतो, माझा भाग सोडून बाकी सगळं तपासा.

नानासाहेब : आन चूक तुजीच.

रुपेश : नावागावासकट माझी.

नानासाहेब : पर त्यात एवडं काय हाय? झाकण उगडायचं, चिमूटभर जिभंवर ठिवायचं. मोटर दुरुस्त केली की मीबी पाण्यात सोडून बगतो. पाटी वाचून कोण घरी जातंय?

रुपेश : हे तुम्ही आत्ता सांगताय.

नानासाहेब : तू इचारलंस कवा?

रुपेश : शेवटी तेच केलं. आता माझा गडी पाच ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहितो, त्या चुलीवर रांधतो, चव बघतो आणि मगच आहे म्हणतो. एक चूल बिघडलेली निघाली तर पुढची बघतो. दिवाळीच्या आठवड्यात पुरं झालं. तेव्हापासून एकदाही चुकलेलं नाही.

नानासाहेब : झ्याक. मंग सायबानं शाबासकी दिली आसंल.

रुपेश : केबिनमध्ये बोलावलं होतं.

नानासाहेब : बग. उगा न्हाई एवडी मोटी रजा दिली.

रुपेश : हो. मोठी दिली.

नानासाहेब : आली बग दोन शीटं. हाल रं बाबा आता, आमाला पोरगी दवाखान्यातनं निगायच्या आत पोचायचंय.

(मंचर. दवाखान्यातली रक्त तपासणीची खिडकी. आत वैष्णवी. बाहेर गोजरबाई नावाची एक म्हातारी आणि तिच्यामागे हे दोघे.)

गोजरबाई : आगं बाई, परत कशाला सुई? डोळ्याच्या आपरेशनच्या टायमाला चिठ्ठीवर लिवून दिलंय, बी पाझिटिव. ही बग.

वैष्णवी : चिठ्ठीत काय आहे ते कळलं, मावशी. बोटात काय आहे ते बघते.

गोजरबाई : बोट माजंच हाय, चिठ्ठीबी माजीच हाय.

वैष्णवी : मग जुळतील दोन्ही. द्या बोट. झालं बघा. कापूस दाबून धरा आणि त्या बाकावर बसा. पुढचे कोण? तुम्ही?

नानासाहेब : मीच. म्हंजी आमी दोगं. मी रुपेशचा चुलता, नानासाहेब. दिवाळीआदी तुज्या घरी आलो व्हतो.

वैष्णवी : ओळखलं, नाना. आणि यांनाही. रक्त द्यायचंय का?

नानासाहेब : लागलं तर दिऊ. आदी बोलायचं हाय. तुज्या मामाला आण्याच्या स्टँडवर येक माणूस भेटला व्हता.

वैष्णवी : हो, मामा सांगत होता. म्हणाला, सज्जन माणूस होता. काही संबंध नसताना खरं काय ते सांगितलं.

नानासाहेब : त्यो मीच व्हतो.

वैष्णवी : तुम्ही?

रुपेश : माझी बाजू भक्कम व्हावी म्हणून ते परके झाले होते.

नानासाहेब : शबूद हालला, बाई. पोरगा काम शोधत न्हाई. शोधायचं काम हाय त्येचं. आदी चूल बगतो, मंग डबं बगतो, झाकण उगडून चव घेतो.

वैष्णवी : आचारी आहेत का?

नानासाहेब : आचाऱ्याचा गडी. न्हाई, न्हाई, तसं न्हवं. कंपूटरच हाय, पर चुलीवानी. तू त्याच्यात पडू नगंस. काम पक्कं हाय एवडं ध्यानात धर. पुण्यात हाय, तीन वर्सं झाली, सध्या रजेवर आलाय. पायजे तर मी शपत घिऊन सांगतो.

रुपेश : नाना, शपथ घेऊ नका.

नानासाहेब : का? घेतो की. पोटच्या पोरासारका वाडीवलाय तुला, तुजी शपत घ्यायला मला काय...

रुपेश : नका घेऊ. मामांना कळलं ते बरोबर होतं.

नानासाहेब : आरं, मी म्हणलो, शोधायचं काम...

रुपेश : तुम्ही म्हणालात ते नाही, त्यांनी ऐकलं ते. मी काम शोधतोय, नाना. दिवाळी झाल्यावर दुसऱ्या सोमवारी माझं काम गेलं.

वैष्णवी : मावशी, कापूस सोडू नका, दाबून धरा. बोला तुम्ही.

नानासाहेब : पर सायबानं केबिनमदी बोलावलं म्हणलास.

रुपेश : बोलावलं ना. शाबासकीही दिली. म्हणाले, रुपेश, आधी हे दर आठवड्याला कुठेतरी चुकायचं, मग तुला गिऱ्हाइकाकडे पाठवावं लागायचं. आता चुकतच नाही. मी खूश होऊन मान डोलावली, थँक्यू सर म्हणालो. दारापर्यंत आल्यावर कळलं, ते काय म्हणाले ते.

वैष्णवी : म्हणजे तुम्ही ते इतकं नीट केलंत की तुमची गरजच उरली नाही.

रुपेश : तीन वर्षं चुकीचं करत होतो तेव्हा नोकरी पक्की होती. एकदाच बरोबर केलं. तसं मला घेतलंही गमतीनंच होतं. दोन हजार साल लागलं की सगळी मशीन बंद पडणार, म्हणून त्यांनी दिसेल तो माणूस भरला. मशीन काही बंद पडली नाहीत. यंदा अमेरिकेतली कामं आटली आणि त्यांनी मोजायला घेतलं, कोणावाचून अडतंय. माझ्यावाचून अडणार नाही, याची व्यवस्था मी स्वतःच करून ठेवली होती.

नानासाहेब : आन ही रजा?

रुपेश : रजा तुम्ही म्हणालात. मी हो म्हणालो.

नानासाहेब : तीन आठवडं माज्या ताटाला ताट लावून जेवतोयस. रोज सकाळी इचारतो मी, आज कामाचा काय फोन? म्हणतोस, आज न्हाई. आन मला सांगितलं न्हाईस. मी काय परका व्हतो?

रुपेश : स्टँडवर होतात की.

नानासाहेब : चेष्टा नगं करू.

रुपेश : चेष्टा केली नाही तर मला बोलताच येणार नाही, नाना. गावात कुणी माझं नाव काढलं की तुमचा आवाज बदलतो. एरवी सभेत मागच्या रांगेत बसणारे तुम्ही, त्या सत्काराच्या दिवशी सरपंचाच्या हातातून माईक घेतलात. मला लाज वाटली. तुमचा तो आवाज माझ्यामुळे बसेल, याची भीती वाटली. आज निघालो तेव्हाही गप्प बसलो. म्हटलं, तुम्ही सांगाल, या ऐकतील, तोवर मला दुसरं काहीतरी मिळेल. डब्यावर साखर लिहिलेलं होतंच. झाकण कोण उघडतंय?

वैष्णवी : कसलं झाकण?

नानासाहेब : ते तुला मागनं सांगतो, बाई. लई लांबडं हाय.

वैष्णवी : थांबा, मला क्रम लावू द्या. नाना मामाशी एक बोलले. मामाने भलतंच ऐकलं. ते भलतंच खरं निघालं. आणि आज त्या खऱ्याचं खोटं करून द्यायला तुम्ही दोघं आण्याहून मंचरला आलात.

रुपेश : दोन जीप बदलून.

वैष्णवी : तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं. मी घरी सांगितलं असतं, गैरसमज झाला होता म्हणून.

रुपेश : तोच बेत होता.

वैष्णवी : मग का बोललात?

रुपेश : मावशींची चिठ्ठी समोर असताना तुम्ही त्यांचं बोट मागितलंत. म्हटलं, आज ना उद्या मलाही टोचणार. आपणच बोट पुढे करावं.

नानासाहेब : माजंबी चुकलंच की. घरात पोरगा तीन आठवडं आर्दी भाकरी ठिवून उटतोय, हे दिसत व्हतं मला. म्हणलं, पुण्याची सवं आसंल.

वैष्णवी : नाना, तुम्ही बसा जरा त्या बाकावर. पाणी देऊ का?

नानासाहेब : नगं. मी हुबा ऱ्हातो त्याच्यासंगं.

वैष्णवी : गच्चीवर तुम्ही इतकं बोललात, त्यातलं मला फारसं समजलं नव्हतं. हे समजलं.

रुपेश : मग आता?

वैष्णवी : आता काय? खिडकीत उभ्या माणसाला मी निकाल सांगत नाही. कागद चारनंतर मिळतात.

रुपेश : चारपर्यंत थांबू?

वैष्णवी : नका थांबू. रविवारी घोडेगावला या. बाबा घरी असतात. काम कसं गेलं, आता काय शोधताय, कुठे शोधताय, सगळं तुम्हीच सांगायचं. मामाला मी मध्ये बोलू देणार नाही. आणि नाना, तुम्ही बाहेर ओट्यावर बसायचं.

नानासाहेब : मी काय केलं आता?

वैष्णवी : तुम्ही फार छान सांगता, नाना. म्हणून.

रुपेश : आणि बाबा नाही म्हणाले तर?

वैष्णवी : तर मला विचारा. त्या दिवशी गच्चीवर तुम्ही मला एकही गोष्ट विचारली नव्हतीत.

रुपेश : एकही नाही?

वैष्णवी : नाव विचारलं होतं. तेही तुम्हाला आधीच माहीत होतं.

रुपेश : रविवारी येतो.

वैष्णवी : या. पुढचे कोण आहेत? जरा बाजूला व्हा, त्यांना येऊ द्या. मावशी, रक्तगट तेवढा लगेच कळतो, तुमचं बी पॉझिटिव्हच निघालं हो.

गोजरबाई : मंग मी काय म्हणत व्हते?

वैष्णवी : तुम्ही म्हणतच होतात. आता मीही म्हणते.

गोजरबाई : उगा टोचलं गं बाई. आवो पावणं, सरका जरा, बसू द्या. ह्यो पोरगा कोण तुमचा?

नानासाहेब : माजा हाय. सख्खा पुतण्या.

गोजरबाई : काय करतो?

नानासाहेब : ह्यो काय, हितंच हुबा हाय. त्यालाच इचारा.